युद्धकाळात समुद्रावर गेलेल्या नातेवाइकाचा माग कसा काढावा

"बोटीवर होता, लढाईत गेला." मुंबईतील आणि कोकणातील अनेक घरांत एका माणसाविषयीची माहिती या चार शब्दांत संपते. माझ्या आजीच्या थोरल्या भावाविषयी आमच्या घरीही इतकेच ठाऊक होते. त्याचा शोध घेताना पहिली दोन वर्षे मी चुकीच्या टोकापासून सुरुवात केली, म्हणजे त्याचे नाव सुचेल त्या स्पेलिंगने संगणकावर टाकत राहिलो. हाती काहीच लागले नाही. या शोधात माणसाच्या आधी बोट शोधावी लागते, हे फार उशिरा ध्यानात आले. खलाशाचे नाव गोदीतल्या कारकुनाने ऐकू येईल तसे इंग्रजीत लिहिलेले असते, पण बोटीचे नाव आणि ती बुडाल्याची तारीख सहसा बदलत नाही. हे दोन धागे मिळाले, की उरलेले कागद त्यांच्यामागे येतात. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीभोवती आहे.

आधी घर, मग गाव

लंडनच्या संकेतस्थळांकडे वळण्यापूर्वी घरातील ट्रंक, देवघराचा खण आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी पाहावी. खलाशाच्या प्रत्येक नोकरीची नोंद असलेले जे पुस्तक आज सीडीसी (कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट) म्हणून ओळखले जाते आणि ज्याला जुने खलाशी ‘नल्ली’ म्हणत, ते मिळाले तर निम्मे काम झाले असे समजावे, कारण त्यात बोटीचे नाव, तिचा नोंदणी क्रमांक, खलाशाचा हुद्दा, चढल्या-उतरल्याच्या तारखा आणि बहुधा वडिलांचे नाव व गाव असते. मात्र बोटीबरोबर माणूस बुडाला असेल तर शेवटची नल्लीही त्याच्याबरोबरच गेलेली असते. त्यामुळे जुनी, भरलेली नल्ली घरी राहिली आहे का, हे विचारावे. तिच्यातील शेवटची नोंद पुढची दिशा दाखवते, कारण बरेच खलाशी वर्षानुवर्षे एकाच कंपनीच्या बोटींवर जात.

नल्ली नसेल तर मनीऑर्डरच्या पावत्या, कंपनीकडून घरी येणाऱ्या दरमहा रकमेचे कागद, शिपिंग मास्टरच्या, म्हणजे खलाशांचे कामकाज पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कचेरीतून आलेले इंग्रजी पत्र आणि पदके शोधावीत. पदकांबाबत एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिल्या महायुद्धातील मर्कंटाइल मरीन वॉर मेडलच्या कडेवर खलाशाचे नाव कोरलेले असते. ब्रिटिश व्यापारी बोटींवरील खलाशांना दुसऱ्या महायुद्धासाठी मिळालेली पदके मात्र नावाविना दिली गेली. त्यामुळे कोऱ्या कडेचे पदक घरात असले, तर ते दुसऱ्याच कोणाचे असावे असा संशय घेऊ नये.

वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘काय झाले’ यापेक्षा ‘केव्हा कळले’ हे विचारावे. बातमी आली तेव्हा भात लावणी चालू होती की शिमगा जवळ आला होता, घरात कोणते मूल नुकतेच जन्मले होते, अशा खुणांवरून महिना आणि वर्ष बऱ्यापैकी ठरते. हिंदू घरांत आणखी एक खूण सापडते. त्या माणसाचे श्राद्ध ठरावीक तिथीला होत असेल तर घरच्यांना कधीतरी तारीख कळली होती असे मानता येते, आणि ते फक्त सर्वपित्री अमावास्येला होत असेल तर बहुधा तारीख कधीच कळली नव्हती. तिथी मिळाल्यास त्या वर्षाच्या जुन्या पंचांगावरून इंग्रजी तारीख काढावी. ती बातमी पोचल्याची तिथीही असू शकते, म्हणून बोट बुडाल्याची तारीख त्याआधी काही आठवडे, कधी काही महिनेही धरून चालावे.

गावच्या दप्तराचा उपयोग या कामात फार थोडे लोक करतात, याचे मला नवल वाटते. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात. भर समुद्रात मेलेल्या माणसाची नोंद तिथे नसण्याचीच शक्यता अधिक, पण त्याच्या जन्माची किंवा भावंडांची नोंद मिळाली तरी वडिलांच्या नावाचे आणि वयाचे कोडे सुटते. त्याहून मोलाचा कागद म्हणजे फेरफार नोंदवही, म्हणजेच गाव नमुना ६. जमिनीत त्याचा हिस्सा असेल तर त्याच्या मागे वारसांची नावे लावताना तलाठ्याने ‘अमुक इसम अमुक साली मयत’ किंवा ‘परागंदा’ असे काहीतरी लिहिलेलेच असते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ नुसार सात वर्षे ज्याची खबर नाही तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येई. म्हणून १९४९-५० च्या सुमारास झालेला फेरफार दिसला, तर १९४२-४३ मधील घटनेची शक्यता तपासून पाहावी. अनेक जिल्ह्यांतील जुने अभिलेख आता राज्य शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर पाहता येतात, आणि जे तिथे नाहीत त्यांच्यासाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा. घर खोताचे कूळ असेल आणि जमीन नावावर नसेल, तर घराचा असेसमेंट उतारा आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर एवढाच आधार उरतो.

जिल्ह्याच्या नावात अनेक जण अडखळतात. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, त्यामुळे मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्याचा खलाशी जुन्या कागदांत रत्नागिरीखाली सापडतो. रायगडचे नाव त्या वेळी कुलाबा होते. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थाने होती, म्हणून मुरूड-श्रीवर्धनकडच्या माणसाच्या नावापुढे जंजिरा स्टेट असे लिहिलेले असू शकते.

बोट कोणती?

पहिल्यांदा तो कोणत्या प्रकारच्या बोटीवर होता हे ठरवावे, कारण त्यावर कागद कुठे असतील हे अवलंबून आहे. घरात सगळ्याच नोकऱ्यांना ‘बोटीवर’ म्हणतात. सारंग, टंडेल, सुखाणी, कसाब, भंडारी, टोपास, आगवाला, तेलवाला हे हुद्द्यांचे शब्द (सारंग हा खलाशांचा मुकादम, टंडेल त्याच्या हाताखालचा) कानावर आले तर तो व्यापारी बोटीवर होता असे समजण्यास हरकत नाही. त्याचा नंबर, गणवेश, परेड यांच्या आठवणी असतील तर तो रॉयल इंडियन नेव्हीत असावा. हे दल १९३४ पूर्वी रॉयल इंडियन मरीन या नावाने ओळखले जाई. ‘बसऱ्याला गेला’ असे पहिल्या महायुद्धाविषयी सांगत असतील, तर तो तैग्रिस नदीवरील इनलँड वॉटर ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे सैन्याच्या नदीवाहतुकीत, असण्याची शक्यता मोठी आहे. अशा माणसांची स्मृती इराकमधील बसरा येथील स्मारकाशी आणि कबरस्तानांशी जोडलेली असते, म्हणून तो समुद्रावर मेला असे गृहीत धरून शोधत राहिल्यास तो सापडणार नाही. चौथी शक्यता मुंबईतच घडली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन ही बोट स्फोटाने उद्ध्वस्त झाली आणि त्यात गोदीतील शेकडो माणसे मेली. ‘गोदीत गेला’ आणि ‘बोटीवर गेला’ यांत ऐंशी वर्षांनी घरच्यांनाच फरक सांगता येत नाही. गोदीतला मृत्यू असेल तर त्याचा मार्ग मुंबई महानगरपालिकेच्या मृत्युनोंदींतून जातो.

व्यापारी बोट असेल तर कंपनी ओळखण्यासाठी बोटीच्या नावाची धाटणी उपयोगी पडते. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींची नावे बहुधा ‘आ’कारान्त असत, सिंदिया कंपनीची ‘जल’ने सुरू होत, एलरमनच्या कितीतरी बोटी ‘सिटी ऑफ’ अमुक अशा होत्या आणि क्लॅन लाइनच्या बोटींच्या नावांत ‘क्लॅन’ असेच. पी अँड ओ आणि इतरांनी भारतातील गावांची नावे सढळ हाताने वापरली. त्यामुळे पत्रातील किंवा आजीच्या बोलण्यातील गावाचे नाव खरोखर गावाचेच आहे, असे धरून चालू नये. ‘बनारसला जातो म्हणून गेला’ यातले बनारस म्हणजे सिटी ऑफ बनारस ही बोट असू शकते. १७ सप्टेंबर १९४० रोजी जर्मन पाणबुडी यू-४८ ने ती अटलांटिकमध्ये बुडवली आणि तिच्यावर बरेच भारतीय खलाशी होते. ‘गिरसप्पा’ म्हटले की आपल्याला धबधबा आठवतो, पण एसएस गैरसोप्पा ही ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येला बुडाली आणि तिच्यावरील एकच माणूस वाचला. ‘नार्कुंडा’, ‘राजपुताना’, ‘रावळपिंडी’ ही सुद्धा बोटींची नावे होती.

मुंबईच्या माणसाला विशेष जवळची बोट म्हणजे तिलावा. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ती मुंबईहून मोम्बासा, मापुटो आणि दरबानकडे निघाली आणि तीन दिवसांनी, २३ तारखेला, जपानी पाणबुडी आय-२९ ने तिला अरबी समुद्रात बुडवले. बोटीवर ९५८ माणसे होती, त्यांपैकी २८० मेली आणि ६७८ वाचली. खलाशी आणि प्रवासी असे दोन्ही प्रकारचे लोक त्यात असल्याने, आपला माणूस खलाशी होता की आफ्रिकेला निघालेला उतारू, हे आधी ठरवावे, कारण दोघांची नावे वेगवेगळ्या यादीत असतात. पहिल्या महायुद्धात मुंबईला येणारी पर्शिया ही बोट ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटजवळ बुडवली गेली, आणि मंगोलिया ही बोट तर २३ जून १९१७ रोजी मुंबईजवळच जर्मन सुरुंगावर आदळून बुडाली.

नाव आणि अंदाजे वर्ष हाती आल्यावर यूबोट डॉट नेट या संकेतस्थळावर जर्मन पाणबुड्यांनी बुडवलेल्या बोटींची तारीखवार माहिती पाहावी. तिथल्या माणसांच्या यादीत आपले नाव नसले तरी निराश होऊ नये, कारण भारतीय खलाशांची नावे तिथे पुष्कळदा अपुरी असतात. आपल्याला तिथून बोटीची तारीख, ठिकाण आणि मालक कंपनी हवी असते. जपान्यांनी बुडवलेल्या बोटींसाठी दुसरीकडे पाहावे लागते. लॉइड्स रजिस्टर या बोटींच्या छापील सूचीचे १९३० ते १९४५ चे खंड जालावर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांतून बोटीचा अधिकृत क्रमांक टिपून घ्यावा, कारण लंडनमधील कागद बोटीच्या नावापेक्षा या क्रमांकाने लावलेले आहेत.

वर्तमानपत्रांवर फार वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. युद्धकाळात सेन्सॉरशिपमुळे बुडालेल्या बोटींची नावे सहसा छापली जात नसत.

कमिशनची यादी आणि नावांचा गुंता

आता युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळाकडे वळावे. तिथे पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातील मृत्यू धरले आहेत. शोधाच्या चौकटीत नाव न टाकता दलाच्या जागी इंडियन मर्चंट नेव्ही किंवा रॉयल इंडियन नेव्ही निवडावी आणि मृत्यूची तारीख बोट बुडाल्याच्या दिवसाच्या मागेपुढे ठेवावी. त्यानंतर जी यादी येते ती संपूर्ण वाचावी. एका बोटीची नावे एकाखाली एक आली की त्यांतील आपला माणूस बहुधा कानाने ओळखता येतो.

कानाने म्हणण्याचे कारण असे की खलाशाला आडनाव असे क्वचितच लावलेले असते. त्याचे नाव, वडिलांचे नाव आणि कधी आजोबांचेही नाव एका ओळीत लिहून ती सगळी ओळ आडनावाच्या रकान्यात टाकलेली असते. लक्ष्मणाचे ‘लक्षुमन’, बाबाजीच्या शेवटी दोन ई, इसाकचे ‘एसाक’, हुसेनची चार रूपे, असा मामला असतो. आडनाव असले तरी ते गावाचे असू शकते. म्हणून नावाची जुळणी वडिलांच्या नावावर आणि गावावर करावी. पुष्कळ नोंदींच्या शेवटी ‘अमुकचा मुलगा, अमुकचा पती, राहणार अमुक, रत्नागिरी’ असा मजकूर असतो आणि खात्री पटते ती त्या ओळीवर. वयाला फार महत्त्व देऊ नये. भरतीच्या वेळी खलाशी वय सांगत ते सोयीचे असे, आणि दोन-चार वर्षांचा फरक सर्रास आढळतो. हुद्द्याकडे मात्र लक्ष द्यावे, कारण घरी ‘सारंग होता’ असे अभिमानाने सांगितले जाते आणि यादीत तो टंडेल निघतो.

त्या बोटीच्या यादीतील शेजारची नावेही उतरवून घ्यावीत. सारंग आपल्या गावची, आपल्या जमातीची माणसे गोळा करून भरती करी, त्यामुळे एका बोटीवर एकाच खाडीकाठचे सात-आठ जण असणे अगदी नेहमीचे होते. त्यांच्या घरांत आपल्या माणसाविषयी आपल्यापेक्षा अधिक माहिती असू शकते. मला पहिला ठोस दुवा असाच, खाडीपलीकडच्या गावातील एका घरी मिळाला. मुंबईत कोकणी मुसलमानांच्या जमातीच्या खोल्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे कूड, म्हणजे गावागावांच्या सामाईक राहण्याच्या जागा, होते, विशेषतः धोबीतलाव आणि माझगावच्या परिसरात. जे कूड आजही चालू आहेत तिथे गावाचे नाव सांगून अदबीने विचारावे.

मसजिद बंदर

ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशा खलाशांचे स्मारक मुंबईतच आहे, हे मुंबईतल्या बहुतेकांना माहीत नसते. मसजिद स्थानकाच्या पूर्वेला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावे तिथल्या स्मारकावर आहेत. दुसऱ्या महायुद्धासाठी नावांचे ग्रंथ केले गेले. त्यांची एक प्रत मुंबईत आणि तशीच दुसरी चितगावात ठेवली गेली, आणि त्यांत रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे ४०० व व्यापारी बोटींवरील जवळजवळ ६,००० खलाशी आहेत. म्हणून संकेतस्थळावर ‘बॉम्बे/चितगाव’ असे दिसले तर माणूस चितगावला मेला असा अर्थ काढू नये. ती निव्वळ स्मारकाच्या दोन जागांची नोंद आहे.

तिथे जाण्यापूर्वी कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि कमिशनच्या नोंदीची छापील प्रत जवळ ठेवावी, म्हणजे पान शोधणे सोपे जाते. टॅक्सीवाल्याला नुसते ‘सेलर्स होम’ सांगितल्यास तो रीगलच्या चौकात नेण्याचा संभव आहे. तिथले जुने रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम आता राज्याच्या पोलीस महासंचालकांचे मुख्यालय आहे आणि आपल्या कामाचे नाही.

लंडनचे कागद

कमिशनची नोंद स्मारकापुरती असते. मृत्यूची मूळ नोंद हवी असेल तर लंडनजवळ क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जकडे जावे लागते, पण प्रत्यक्ष जाण्याची गरज नाही, कारण शुल्क भरून नकला मागवता येतात. बीटी ३३४ या मालिकेत १८९१ पासून १९७२ पर्यंत समुद्रावर झालेल्या जन्म, विवाह व मृत्यूंची रजिस्टरे आहेत. तेथील नोंदीत बोट, तारीख, वय, राहण्याचे ठिकाण आणि मृत्यूचे कारण मिळते. बीटी ३८१ मध्ये १९३९ ते १९५० या काळातील बोटींच्या खलाशांचे करारनामे अधिकृत क्रमांकानुसार लावलेले आहेत. मागणी करताना एक वाक्य आवर्जून लिहावे: भारतीय खलाशांचा वेगळा करारनामा असल्यास तोही तपासावा. आशियाई खलाशांशी पुष्कळदा निराळा करार होत असे, आणि ब्रिटिश खलाशांचा कागद पाहून ‘नाव नाही’ असे उत्तर येण्याचा धोका असतो. करारनाम्यावर पगार, पूर्वीची बोट आणि कधी त्याचा अंगठाही सापडतो.

पहिल्या महायुद्धातील १९१५ सालच्या खलाशांच्या याद्या जालावर विनामूल्य शोधता येतात. त्या काळातील युद्धकैद्यांची इंटरनॅशनल रेड क्रॉसची पत्रकेही उपलब्ध आहेत. बोट बुडाली नाही, जर्मनांनी ती पकडली असे घरी सांगत असतील तर ती पाहावीत. दुसऱ्या महायुद्धात पकडलेले व्यापारी खलाशी उत्तर जर्मनीतील मिलाग नोर्ड या छावणीत होते. पी अँड ओ कंपनीचे जुने दप्तर ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात, तर लस्करांविषयीचा सरकारी पत्रव्यवहार ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या कागदांत आहे. लस्कर हा शब्द लक्षात ठेवावा, कारण जुन्या सूचींमध्ये आपला खलाशी याच नावाखाली आहे.

मुंबईतील कचेऱ्या

बॅलार्ड इस्टेटमधील नौ भवनात शिपिंग मास्टरचे कार्यालय आहे. मृत खलाशाचा पगार आणि सामान वारसांकडे पोचवण्याचे काम परंपरेने याच कार्यालयाचे, म्हणून तिथे चौकशी करणे योग्यच आहे. परंतु ती तोंडी करू नये. एका कचेरीत मला सलग तीन वेळा तीन वेगवेगळ्या खिडक्यांकडे पाठवण्यात आले आणि चौथ्या वेळी जेवणाची सुट्टी झाली. नंतर मी माहिती अधिकाराखाली १० रुपयांचा अर्ज केला, त्यात बोट, अधिकृत क्रमांक, तारीख आणि खलाशाचे वडिलांसह नाव दिले, आणि निदान लेखी उत्तर हाती आले. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असे कधीही लिहू नये. कोणत्या वर्षाचे कोणते रजिस्टर हवे ते लिहावे.

काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात मुंबई सरकारच्या मरीन खात्याच्या फायली पाहता येतात. तिथे व्यक्तीचे नाव मिळण्याची आशा कमी, पण बोटी, भरपाई आणि वारसांच्या निवृत्तिवेतनाविषयीचे आदेश वाचायला मिळतात. नॅशनल आर्काइव्ह्ज ऑफ इंडियाच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या सूची पाहून मगच जाण्याचा विचार करावा.

स्वातंत्र्यानंतरच्या नौदलातील माणसाचा मार्ग यापेक्षा सरळ आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. अशा नौसैनिकांची सेवानोंद मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील ब्युरो ऑफ सेलर्सकडे असते, आणि नातेसंबंधाच्या पुराव्यासह अर्ज केल्यास काम होते.

यादीत नावच नसेल तर

हे घडते, आणि त्याची कारणे दोन. व्यापारी खलाशाचा मृत्यू शत्रूच्या हल्ल्यामुळे किंवा युद्धाशी संबंधित कारणाने झालेला असेल तरच कमिशन त्याची नोंद करते. लिव्हरपूलच्या रुग्णालयात न्यूमोनियाने गेलेला आगवाला त्या व्याख्येत बसेलच असे नाही, त्याची नोंद त्या शहराच्या दफनभूमीत आणि मृत्युनोंदींत शोधावी. दुसरे कारण असे की काही माणसे खरोखरच वगळली गेली. एप्रिल २०२१ मध्ये कमिशनच्या विशेष समितीने पहिल्या महायुद्धातील आशियाई व आफ्रिकी मृतांना समान वागणूक मिळाली नव्हती असे मान्य केले. नाव वगळले गेले असल्यास पुराव्यासह कमिशनकडे मागणी करता येते. तिच्यासोबत मृत्यूची आणि त्याच्या कारणाची त्या काळातील अधिकृत नोंद लागते. बीटी ३३४ मधील नक्कल इथे सर्वांत वजनदार ठरते, फेरफार आणि शिपिंग मास्टरचे पत्र तिला आधार देतात. घरातील आठवण कितीही खरी असली तरी तिथे पुरावा म्हणून चालत नाही.

नाव आहे, पण चुकीचे लिहिलेले आहे, असे असेल तर दुरुस्तीचा अर्ज करावा. त्यासाठी नल्लीची किंवा गावच्या नोंदीची प्रत लागते. माझ्या आजीच्या भावाच्या नोंदीत वडिलांचे नाव दोन अक्षरांनी चुकलेले आहे. गाव नमुना १४ ची साक्षांकित नक्कल मिळाली आहे, तिचे इंग्रजी भाषांतर करून घ्यायचे आहे, आणि तो अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे.